चिंधी बांधलेलं झुडूप

झाडपाला गोळा करणारी माणसं स्वभावाने शांत असतात, असा लोकांचा एक गैरसमज आहे. मी ऐंशीच्या दशकात तालुक्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, राहत बोईसरला होते, आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जाऊन रानटी झुडपांचे नमुने आणत होते. त्या वर्षांत ज्याच्याशी माझं वाजलं नाही असा माणूस दाखवा, मी त्याला नमस्कार करीन. एस.टी.चा कंडक्टर प्रेस बघून सामानाचं भाडं मागायचा, त्याच्याशी. चाळीतल्या शेजारणींशी. घरमालकाशी तर रोजच. आमचे विभागप्रमुख दर वेळी म्हणायचे, "मॅडम, अभ्यासक्रम पुरा करा, डोंगर कुठे पळून जात नाहीत," आणि मी म्हणायचे, "डोंगर नाही सर, फुलं पळून जातात." त्यांना ते कधी कळलं नाही. फुलांचे आठ-पंधरा दिवस हुकले तर अख्खं वर्ष थांबावं लागतं, हे वर्गात फळ्यावर चित्र काढून फुलं शिकवणाऱ्याला कसं कळणार?

प्रेस म्हणजे छापखाना नव्हे. लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये वर्तमानपत्रांची चळत, त्या चळतीत पानाफुलांसकट फांद्या, आणि बाहेरून पट्टे आवळलेले. कागद ओल शोषतात. ते रोज बदलावे लागतात, नाहीतर फांदीला बुरशी धरते. बोईसरला एका बाजूने खाडीची खारी हवा आणि दुसऱ्या बाजूने कारखान्यांची वाफ. अंगावरचा घाम वाळत नसे, तिथे नमुने कसले वाळतात! मी ओले कागद चाळीच्या गॅलरीत दोरीवर टाकायची. शेजारणीला तिथे बोंबील टाकायचे असायचे. "भाभी, आप रद्दी सुखाती हो क्या?" असं पलीकडच्या खोलीतला कामगार विचारायचा आणि सगळी गॅलरी हसायची. नवरा रंगाच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. तो कॉलर निळी किंवा पिवळी करून परत यायचा, पलंगावर पसरलेली झुडपं बघायचा, आणि जमिनीवर चटई टाकून निजायचा. भांडायचा नाही. माझ्या बाजूने कुणाशी भांडायचाही नाही. "सोडून दे," हे त्याचं सगळ्यावरचं औषध होतं.

आता त्या झुडपाचं सांगते.

बोईसरहून चिल्हारकडे जाणारी एस.टी. वाटेत जिथे सोडते तिथून वर चढलं की एक पाडा लागतो, आणि पाड्याच्याही बऱ्याच वर, कड्याच्या खाली, दगडांचा एक उतार आहे. माघातली गोष्ट. सगळं रान वाळून करडं झालं होतं. त्यात छातीएवढ्या उंचीचं एक झुडूप, अंगावर पान नाही, आणि उघड्या फांद्यांवर नखाएवढी पांढुरकी फुलं. एका फांदीवर गेल्या सालची दोन फळं अजून चिकटलेली, बोराएवढी, चार कंगोऱ्यांची. मी जागच्या जागी खाली बसले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून या झुडपाची कोणी कधी नोंद केलेली नव्हती. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण वाद त्याच्या नोंदीचाच आहे आणि तो अजून माझ्या बाजूने सुटलेला नाही. पण तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं लोकांचं हसं झेललं, आता एक गोष्ट माझी होईल. नमुन्याच्या कागदावर गोळा करणारीचं नाव म्हणून माझं नाव राहील आणि मी मेल्यावरही कुणीतरी ते वाचेल. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं.

झुडपाचं सगळं एकदम हाती लागत नाही. याला फुलं आली तेव्हा पानं नव्हती. पानं पावसाळ्यात येणार, ताजी फळं दिवाळीनंतर. पानांसाठी त्याच झुडपाकडे परत यायला हवं, आणि पावसाळ्यात तोच उतार हिरवा झाला की कुठलं झुडूप कुठलं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे पिशवीतली जुन्या साडीची एक तांबडी चिंधी काढली आणि खोडाला गाठ मारली. दरवेळी मारायची. कधी काही झालं नव्हतं.

घरी आणेपर्यंत सगळं नीट होतं. पण तिसऱ्या दिवशी कागद बदलताना ती दोन फळं देठातून निखळली. असं होतं. निखळलेले भाग कागदाच्या लहान पुडीत घालून, पुडी नमुन्याच्या त्याच जाड कागदावर, शीटवर, चिकटवायची, अशी हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयाची, रीतच आहे. मी रीतीप्रमाणे केलं. मे महिन्याच्या सुट्टीत शीट कापडात गुंडाळून मोठ्या शहरातल्या हर्बेरियममध्ये घेऊन गेले.

तिथे एक गृहस्थ होते. विद्वान होते, नाही असं नाही. डोंगर मात्र त्यांनी शेवटचा कधी चढला होता कोण जाणे. उंटावरून शेळ्या हाकायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांना छान जमत होतं. भिंगातून त्यांनी फुलं पाहिली, पुडी उघडून फळं पाहिली, आणि भिंग खाली ठेवून मला म्हणाले, "बाई, फुलं एका झुडपाची आणि फळं दुसऱ्याची आहेत."

"सर, एकाच फांदीवरची आहेत. वाळवताना पडली."

"असं सगळेच म्हणतात."

"मी माझ्या हाताने तोडली आहेत."

"हातावर माझा विश्वास आहे हो. डोळ्यांवर नाही." असं म्हणून त्यांनी लहानशा चिठ्ठीवर 'मिश्र नमुना' असं लिहिलं, खाली सही केली, आणि माझ्यासमोर माझ्या शीटच्या कोपऱ्यात डकवली.

मिश्र नमुना ही आमच्या धंद्यातली शिवी आहे. दोन झाडांचे तुकडे एका कागदावर आणून जगाला फसवलंस, किंवा एवढी बावळट आहेस की तुला दोन झाडं ओळखू आली नाहीत, असा तिचा अर्थ. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "फळ फांदीला लागलेलं आणून दाखवलं तर?"

"त्याच झुडपाचं?"

"त्याच."

"आणा की," ते म्हणाले, आणि चहा मागवला. स्वतःपुरता.

श्रावणात मी पानांसाठी वर गेले. पाड्यावरून जाताना बायका माझ्याकडे बघत होत्या, पण ते नेहमीचंच होतं. उतारावर पोचले आणि बघतच राहिले. माझी तांबडी चिंधी होती, आणि तिच्याभोवती, वर, खाली, फांद्याफांद्यांना चिंध्याच चिंध्या. पिवळ्या, पांढऱ्या, लुगड्याच्या काठाच्या, कुणाच्या सदऱ्याच्या बाहीची. खाली दगडाला शेंदूर. नारळाची करवंटी. करायला गेले नोंद आणि झाला देव!

मला हसू आलं नाही. चिंध्यांनी निम्मी पानं झाकली होती. मी कात्री काढली आणि एक बरी फांदी धरली, तेवढ्यात मागून ओरडा आला.

"ए बाय! हात काड! देव हाय तो!"

माझ्याहून थोडी मोठी, काटकुळी, डोक्यावर सरपणाचा भारा असलेली बाई. भारा तिने तिथेच टाकला आणि मी आणि झुडूप यांच्यामध्ये येऊन उभी राहिली.

"अगं, देव कसला? ही तांबडी चिंधी मी बांधलीय. खूण म्हणून."

"तू बांदलीस?" ती माझ्याकडे नीट बघायला लागली. "मंग तुज्याच पायी झाला. पन आता तुजा नाय तो. माजा पोऱ्या सातपाटीला बोटीवर हाय. वादळात बोट आली नाय. मी हितं चिंधी बगितली, म्हनलं कोनीतरी नवस केलाय, देव असल. मी पन बांदली. पोऱ्या आला." तिने हात झटकला, हिशेब संपल्यासारखा. "आता यातली काडी जरी मोडलीस, तर त्याचं काय व्हईल?"

"काही होणार नाही."

"तुज्या पोऱ्याला बोटीवर धाड, मंग सांग."

मी तिला शास्त्र समजावलं. एक फांदी तोडल्याने झुडूप मरत नाही, उलट फुटतं, असं सांगितलं. मग आवाज चढवला. वनखात्याचा परवाना दाखवला, तो तिने उलटा धरला आणि परत दिला. तीही काही कमी नव्हती. मला चोर म्हणाली, शहरातली मढी म्हणाली, आणि शेवटी खाली वाकून एक दगड उचलला. मारला नाही, नुसता हातात धरला. मी घसरत, पाय सोलून घेत उतार उतरले. एस.टी.त बसल्यावर मी मनातल्या मनात तिला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या. त्या विद्वानालासुद्धा नाही.

कॉलेजात विभागप्रमुखांना सांगितलं, तर म्हणाले, "मोठ्या माणसांशी वाद नको आणि आदिवासींशी तर मुळीच नको. दुसरं काहीतरी गोळा करा." नवऱ्याने चटई पसरली आणि म्हणाला, "सोडून दे." दुसरं झुडूप शोधायला मी भाद्रपदात आणि अश्विनात ते सगळे उतार पालथे घातले. एकही मिळालं नाही. होतं ते एकच, आणि त्याच्यापुढे ती दगड घेऊन.

दिवाळी झाली, भात कापून झालं, फळं धरली असणार, आणि मी पुन्हा वर गेले. या वेळी आधी पाड्यात तिच्या खोपटासमोर जाऊन उभी राहिले. ती भात झोडत होती. तिने मला पाहिलं आणि झोडणं थांबवलं नाही.

"परत आलीस?"

"मला एक फांदी हवी. फळाची. तू म्हणशील तशी घेते."

तिने पेंढी बाजूला टाकली. "आदी सांग, तुजा नवस फेडलास का?"

"मी नवस केलाच नव्हता!"

"चिंधी बांदली तर नवस झाला. मनात काय व्हतं त्या वक्ताला?"

मला एवढा राग आला होता की खरं तेच तोंडातून बाहेर पडलं. बांधताना मनात काय होतं ते गेलं कुठल्या कुठे. मी म्हटलं, "आता एवढंच मनात आहे, शहरातल्या एका माणसाचं थोबाड बंद व्हावं."

ती विचारात पडली. पहिल्यांदाच तिने माझं बोलणं गंभीरपणे घेतलं.

"काय केलं त्यानं तुला?"

"खोटारडी म्हणाला."

"हां," ती म्हणाली. "त्याला कोंबडा लागल. नारळावर नाय व्हनार."

आमच्या घरी कोंबडी शिजायची, तेव्हा कोंबड्याचं मला काही नव्हतं. पण वर्गात अंधश्रद्धेवर बोलणारी मी, पुढच्या रविवारी बोईसरच्या बाजारातून जिवंत कोंबडा पिशवीत घालून निघाले. कंडक्टर म्हणाला, "आज झाडांऐवजी हे का?" मी पिशवी सीटखाली सरकवली. वर उतारावर तिने दगडाला शेंदूर लावला, दारूची धार धरली, कोंबडा कापला, आणि झुडपाशी चढ्या आवाजात बोलायला लागली, उधारी थकवलेल्या माणसाशी बोलावं तसं. "हिनं नवस फेडला. आता हिला फांदी दे. एकच. माज्या पोऱ्याला काय करायचं नाय." देवाला तिनेच विचारलं आणि देवाचं उत्तरही तिनेच मला सांगितलं. मग माझ्या हातातून कात्री घेतली, चालवून बघितली, नाक मुरडून बाजूला ठेवली आणि आपल्या कोयत्याने एक फांदी उतरवली. पानं होती. तीन फळं होती, देठाला घट्ट. मी तिला धन्यवाद म्हटलं नाही. ती कोंबडा मात्र घेऊन गेली.

या वेळी मी फळांना दोऱ्याने फांदीशी शिवून टाकलं. कागद दिवसातून दोनदा बदलले. शेजारणीचे बोंबील गॅलरीतून खाली पडले, त्यावरून झालेलं भांडण वेगळंच. आणि लेबल लिहिलं. लेबलवर झुडूप कुठे आहे, किती उंच आहे, फळांचा रंग काय, आजूबाजूला काय आहे, जे दिसलं ते सगळं लिहायचं असतं. मला तसंच शिकवलं होतं आणि मी तसंच शिकवत होते. म्हणून मी शेवटी हेही लिहिलं: गावकरी या झुडपाला चिंध्या बांधतात व पूजतात.

नाताळच्या सुट्टीत शीट त्या गृहस्थांपुढे ठेवली. त्यांनी भिंग घेतलं. फळ हलवून बघितलं. देठाची जोडणी बघितली. खूप वेळ बघितली. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी होते. मिश्र नमुना म्हणायची आता सोय नव्हती, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं, झालं.

मग त्यांची नजर लेबलवर गेली.

"पूजेतलं झाड आहे?"

"झुडूप, सर. हो."

"म्हणजे कुणीतरी आणून लावलेलं असणार. देवाची झाडं लोक लांबून आणून लावतात. ही रानटी नोंद कशी धरायची?"

"सर, ते देव झालं या वर्षी. पहिली चिंधी मीच बांधली, खूण म्हणून!"

ते हसले. मनापासून हसले. "म्हणजे देव तुम्हीच केलात आणि नोंदही तुम्हीच करणार? बाई, हे तुम्ही लिहून देऊ नका कुठे, लोक काय म्हणतील!" आणि त्यांनी दुसरी चिठ्ठी घेतली. 'लागवडीचे असण्याची शक्यता. जिल्ह्यातील रानटी नोंद म्हणून ग्राह्य नाही.' सही. डिंक.

"निदान त्या पहिल्या शीटवरची चिठ्ठी तरी काढा," मी म्हटलं. "ती खोटी ठरली ना?"

"हर्बेरियममध्ये लावलेली चिठ्ठी काढत नाहीत," ते म्हणाले. "तुम्हाला हे माहीत असायला हवं." ते मला माहीत होतं. वर्गात मीच ते अभिमानाने सांगायची, की आमच्याकडे मतं पुसत नाहीत, एकाखाली एक डकवत जातो.

मी ते शेवटचं वाक्य लेबलवर लिहिलं नसतं तर? हा प्रश्न मला नवऱ्याने विचारला, विभागप्रमुखांनी विचारला, ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी विचारला. "एवढं खरं कशाला लिहायचं?" असं प्रत्येकजण म्हणाला, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात थोडी मजा होती. ते गृहस्थ चुकले, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

फेब्रुवारीत एकदा बोईसर स्टेशनाबाहेरच्या बाजारात मी भाजी घेत होते. तिथे डोंगरातल्या बायका सरपणाचे भारे घेऊन बसतात. कुणीतरी मागून माझ्या पदराला हिसका दिला. तीच होती.

"काय गो, झालं का थोबाड बंद?"

तिला माझी काळजी नव्हती, देवाची होती. नवस फेडून काम झालं नाही, तर देवाचं नाव जातं. मी टाळणार होते, पण तिने पदर सोडला नाही. मग तिथेच, भाऱ्यांच्या मध्ये उभी राहून, मी तिला सगळं सांगितलं. फांदी त्याने मानली. फळंही मानली. पण ते झुडूप रानातलं नाही, कुणीतरी आणून लावलंय, असं त्याने लिहून ठेवलं.

"लावलंय?" ती म्हणाली. "त्या दगडात? कोनी लावलं? त्याच्या बापानं?"

"त्याला वाटतं तसं."

"तो आला व्हता का बगायला?"

"नाही."

"न बगता लिवलं?" तिचा आवाज एवढा चढला की रिक्षावाले वळून बघायला लागले. "आन तू तोंड बंद करून आलीस? माज्यासंगं तर केवडी भांडलीस!"

तिने पदर कमरेला खोचला, शेजारच्या बाईला आपल्या भाऱ्याकडे बघायला सांगितलं, आणि मला म्हणाली, "चल. गाडी कुटून सुटते? मी सांगते त्याला. मी बगितलंय ते झाड, तवा मला परकर नेसता पन येत नव्हता."

ती खरंच निघाली. पायात काही नाही, हातात काही नाही, शहर कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नाही, आणि स्टेशनाच्या जिन्याकडे तरातरा चालायला लागली. मी तिच्यामागे धावले आणि दंडाला धरून तिला थांबवलं. ती हात सोडवत होती, मी सोडत नव्हते, आणि भर बाजारात मी रडत होते. माझ्या बाजूने भांडायला उठलेलं उभ्या आयुष्यातलं ते एकच माणूस, आणि त्यालाही मीच अडवून धरलं होतं.